शंभर मीटरच्या आत

माझा धाकटा भाऊ पुण्यात, आमच्या आजोबांच्या वाड्यात राहतो. शनिवारवाड्याच्या तटापासून आमच्या उंबऱ्यापर्यंतचे अंतर 83 मीटर आहे, आणि ते त्याने पैसे देऊन मोजून घेतले आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये ते परवानगीशिवाय करता येत नाही, असे 2010 साली दुरुस्त झालेला कायदा सांगतो. जुन्या घराची डागडुजी करता येते, पण तिलाही परवानगी लागते. आमचा वाडा आणखी 17 मीटर लांब असता, तर तो उतरवून तिथे नवी इमारत बांधण्यासाठी अर्ज करण्याची वाट तरी भावाला मोकळी राहिली असती. आता ती वाट नाही. ही मर्यादा शिथिल करावी, ही शनिवारवाड्याच्या आसपासच्या पेठांतील रहिवाशांची मागणी जुनी आहे, आणि या पावसाळ्यात आमच्या मागच्या पडवीची भिंत फुगल्यावर भाऊही त्या मागणीत हिरिरीने उतरला. घरच्या गटावर त्याने लिहिले, "दगडांपेक्षा माणसं महत्त्वाची आहेत, एवढं साधं कुणाला कळत कसं नाही?"

या वाक्याचा मला राग आला, आणि ते लिहिणारा माझा सख्खा भाऊ आहे म्हणून तो अधिक आला. मी गेली बावीस वर्षे इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये राहते. मी त्याला मंक बारचे (इथे गावाच्या वेशीला 'बार' म्हणतात) छायाचित्र पाठवले आणि खाली लांबलचक मजकूर लिहिला की या गावाने आपली मध्ययुगीन तटबंदी राखली आणि माणसेही राखली, आणि तुम्हाला मात्र एक वाडा सांभाळताना धाप लागते. त्यावर त्याचे उत्तर आले, "ताई, तुला तिथून शनिवारवाडा दिसतो. मला इथून माझं छत दिसतं." भावजयीने त्या उत्तरावर अंगठा उमटवला. तेव्हापासून हा वाद माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि रविवारी तटावरून फेरी मारताना मी मनातल्या मनात त्याच्याशीच बोलत असते.

मला त्याला पहिल्यांदा हे सांगायचे आहे की त्याचे वाक्य या गावातही बोलले गेले आहे. यॉर्कचा तट सुमारे 3.4 किलोमीटर लांब आहे, आणि इंग्लंडमधल्या कोणत्याही गावाचा मध्ययुगीन तट इतक्या लांबीपर्यंत शिल्लक नाही. तो सर्वांच्या एकमताने शिल्लक राहिला, असे मात्र मुळीच नाही. 1800 साली गावच्या कारभाऱ्यांनीच तो पाडण्यासाठी हालचाल सुरू केली होती. त्यांची कारणे ऐकली तर पेठेतल्या सभेतली वाटावीत: डागडुजीचा खर्च झेपत नाही, वेशी अरुंद आहेत, गाड्या अडतात, हवा खेळत नाही. पुढच्या काही दशकांत तीन वेशींपुढचे बुरुजबंद दुहेरी भाग खरोखरच पाडले गेले. आज असा भाग फक्त वॉल्मगेट बारपुढे उभा आहे आणि साऱ्या इंग्लंडमध्ये गावच्या वेशीपुढचा तेवढाच एक उरला आहे. उरलेला तट वाचला तो हट्टी माणसांमुळे, ज्यांत याच गावात जन्मलेला चित्रकार विल्यम एटी पुढे होता. त्या माणसांनाही त्यांच्या शेजाऱ्यांनी दगडांपेक्षा माणसे महत्त्वाची असल्याचे ऐकवले असणार. ते ऐकून ती गप्प बसली नाहीत म्हणून आज मला बूथम बारपाशी पायऱ्या चढून मंक बारपर्यंत मिन्स्टरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या, पाठीमागून चालत जाता येते. त्या वाटेवरून खाली घरांची परसदारे, वाळत घातलेले कपडे, सफरचंदांची झाडे दिसतात, आणि आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही.

मिन्स्टरच्या पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीबद्दलही मी त्याला लिहिले होते. कॉव्हेन्ट्रीच्या जॉन थॉर्नटनने ती 1405 ते 1408 या तीन वर्षांत रंगवली, आणि आपल्या काळात तिच्या 311 तावदानी चित्रांची जपणूक पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागून 2018 साल उजाडले. एका खिडकीला घडवायला लागला त्याच्या तिप्पट काळ तिला जपायला लागला, आणि त्याबद्दल कोणी त्रागा केल्याचे मी तरी ऐकले नाही. हे लिहिताना माझ्या शब्दांत अभिमान होता, जणू ती खिडकी माझ्याच माहेरची होती.

परंतु याच मिन्स्टरमध्ये एक गोष्ट आहे जी मी भावाला अजून लिहिलेली नाही, कारण ती माझ्या बाजूने जात नाही. शनिवारवाडा 27 फेब्रुवारी 1828 रोजी पेटला आणि सात दिवस जळत राहिला. जुन्नरच्या जंगलातले सागवान, चिंचवडच्या खाणीतला दगड आणि जेजुरीचा चुना वापरून उभ्या केलेल्या त्या वास्तूतले लाकूडकाम बहुतेक गेले आणि तट, दरवाजे, जोती तेवढी राहिली. त्यानंतर एक वर्षही पुरते उलटले नव्हते, तोच फेब्रुवारी 1829 च्या आरंभी जोनाथन मार्टिन नावाचा माणूस संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मिन्स्टरमध्ये लपून राहिला आणि त्याने रात्री आग लावली. गायकवृंदाच्या भागाचे छप्पर, कोरीव आसने आणि ऑर्गन जळून गेले. वर्गणी जमली, वास्तुतज्ज्ञ रॉबर्ट स्मर्क यांच्याकडे काम दिले गेले, आणि 1832 मध्ये तो भाग पुन्हा उपासनेसाठी उघडला. शनिवारवाडा जळला तेव्हा त्याचे धनी कोण होते? 17 नोव्हेंबर 1817 रोजी त्याच्यावर इंग्रजांचे निशाण चढले होते. आपले देऊळ तीन वर्षांत उभे करणाऱ्या राष्ट्राच्या कंपनी सरकारने आमचा वाडा तसाच राहू दिला. म्हणून कोणी इंग्रज स्नेही जेवणाच्या टेबलावर मला विचारतो की भारतात जुन्या इमारतींची अशी हेळसांड का होते, तेव्हा मी त्याला या दोन तारखा ऐकवते आणि माझा आवाज चढतो. त्याच आठवड्यात मी भावाला मात्र यॉर्कचे गोडवे ऐकवलेले असतात. दोन्हीकडे मी खरेच बोलते, पण कुठे कोणते खरे बोलायचे ते मी निवडते, आणि हे लक्षात आल्यावर मला अस्वस्थ वाटू लागले आहे.

1984 च्या जुलैमध्ये मिन्स्टर पुन्हा पेटले. दक्षिणेकडच्या भागाचे छप्पर कोसळले आणि गुलाबाच्या आकाराच्या खिडकीला असंख्य तडे गेले, पण ती जागची हलली नाही. 1988 पर्यंत नवे छप्पर झाले, आणि त्यातल्या जोडांवरच्या लाकडी कोरीव गाठींपैकी सहा लहान मुलांच्या चित्रांवरून घडवल्या गेल्या, ज्यांत चंद्रावर पडलेले माणसाचे पहिले पाऊलही आहे. तेराव्या शतकातल्या भिंतींवर विसाव्या शतकातल्या मुलांची चित्रे चढली आणि त्याने मिन्स्टरचे काही बिघडले नाही. हे पाहिले की आमच्याकडच्या शंभर मीटरच्या वर्तुळाबद्दल माझे मत डळमळते.

कारण इंग्लंडमध्ये असे ठरावीक अंतराचे वर्तुळच नाही. स्मारकाच्या परिसराला बाधा येते का, हे प्रत्येक अर्जाच्या वेळी वेगळे तपासले जाते. कुठे तीनशे मीटरवरचीही इमारत नाकारली जाते आणि कुठे तटाला टेकून नवी घरे उभी राहतात. या पद्धतीत भांडणे कमी होत नाहीत, उलट वाढतात. क्लिफर्ड्स टॉवर या यॉर्कच्या जुन्या किल्ल्यातल्या बुरुजाच्या टेकडीच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी इमारत बांधण्याचा बेत निघाला, त्याला परवानगीही मिळाली, पण 1190 साली यॉर्कच्या सुमारे दीडशे ज्यू माणसांचा जिथे अंत झाला त्या जागेला असे खणू नये म्हणून नागरिक न्यायालयात गेले, आणि अखेर 2018 मध्ये तो बेत सोडण्यात आला. नंतर बुरुजाच्या आतच लाकडी मजला घालून वर जाण्याची सोय झाली आणि 2022 मध्ये तो पुन्हा खुला झाला. भांडणाचा शेवट एका नव्या, चांगल्या आराखड्यात झाला. शनिवारवाड्याभोवती मात्र भांडणाला जागाच ठेवलेली नाही. तिथे एक आकडा आहे, आणि आकड्याशी वाद घालता येत नाही.

याहून मोठी गोष्ट तटाच्या आतल्या घरांची आहे. समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांनी 1899 मध्ये याच गावातल्या घरोघरी पाहणी केली, तेव्हा गावातली जवळजवळ 28 टक्के माणसे दारिद्र्यात असल्याचे त्यांना आढळले. पर्यटक ज्या वॉल्मगेटची वेस आज कौतुकाने पाहतात, तिच्या आतल्या अंगणांत तेव्हा कित्येक कुटुंबांना मिळून एक नळ आणि एक शौचकूप असे. ते वर्णन वाचताना मला आमच्या वाड्यातला जिन्याखालचा सामायिक संडास आणि पहाटेची बादल्यांची रांग आठवली. पुढे 1968 साली लॉर्ड ईशर यांनी यॉर्कच्या जपणुकीचा अहवाल दिला, आणि त्यात जुन्या इमारतींच्या बरोबरीने तटाच्या आत पुन्हा माणसे राहायला आणण्याचा आग्रह धरला. त्यातून ऑल्डवार्क भागात नवी घरे झाली, आणि मिन्स्टरपासून चालत पाच-सात मिनिटांवर, जुन्या गल्ल्यांच्या वळणांना धरून ती आजही नांदती आहेत. माझा भाऊ मागतो ते याहून वेगळे नाही. त्याला तिथे मनोरा उभारायचा नाही. त्याला पावसात न गळणारे छत आणि घरात संडास हवा आहे. मी त्याला यॉर्कचा दाखला देत राहिले आणि यॉर्कच्या याच पानावरून पुढे गेले.

माझे घर तटाबाहेर आहे. गेल्या शतकाच्या आरंभीची विटांची रांग, समोर लाकडी सरकत्या खिडक्या. त्या कुजल्या तेव्हा प्लास्टिकच्या बसवता येणार नाहीत असे समजले, आणि मी दुप्पट पैसे मोजून तशाच लाकडी करून घेतल्या. याचा मी बरेच दिवस अभिमान बाळगला की मी वारशाची किंमत मोजली. खरे असे आहे की मला ती परवडली. पेठेतल्या भाड्याच्या खोल्यांमधून वर्षाला जे हाती येते त्यात एका खणाची कौले नीट होत नाहीत, हे मला पक्के माहीत आहे, कारण अण्णा असेपर्यंत तो हिशेब मीच लिहीत असे.

मिन्स्टरमध्ये मी तिकीट काढत नाही. यॉर्कच्या रहिवाशांना प्रवेश मोफत आहे, आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की आत सोडतात. शनिवारवाड्याच्या तिकीट खिडकीवर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचे, कार्ड दाखवले की भारतीयांच्याच दरात प्रवेश मिळतो, परंतु ते कार्ड दाखवावे लागते. मागच्या डिसेंबरात मी ते पर्समधून काढेपर्यंत मागच्या रांगेतल्या शाळकरी मुली दिल्ली दरवाजातून आतही गेल्या होत्या. त्या दरवाजाच्या खिळ्यांना मी पाचव्या वर्षी हात लावलेला आहे, आणि भिंतीपलीकडे, 83 मीटरवर, माझी आई तेव्हा भाजी निवडत बसलेली होती. बावीस वर्षांत मिन्स्टरच्या दाराशी मला जे वाटले नाही ते मला तिथे वाटले. यॉर्कमध्ये माझा पत्ता पुरेसा असतो. पुण्यात माझा पत्ताच उरलेला नाही.

तो मीच पुसला आहे. अण्णा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली आणि वाड्यातला माझा वाटा भावाच्या नावे केला. सगळ्यांनी माझ्या मोठेपणाचे कौतुक केले, आणि मीही ते मानून घेतले. त्या सहीबरोबर गळकी कौले, कुजलेले वासे, भाडेकरूंची भांडणे, आईला रात्री जिना उतरवण्याची काळजी, हे सारे मी त्याच्याकडे दिले आणि स्वतःकडे फक्त तो वाडा तसाच राहावा ही इच्छा ठेवली. ती इच्छा अजून जात नाही. वाडा उतरवला तर मी पुण्यात कुठे जाईन, हे मला सांगता येत नाही. पण वर्षातून तीन आठवडे जाण्यासाठी कुणाच्या तरी डोक्यावर फुटके छत ठेवायचे, हा वारसा जपण्याचा युक्तिवाद होऊ शकत नाही, आणि मी महिनाभर तोच करत होते.

त्या डिसेंबरच्या भेटीत मी शनिवारवाड्याच्या तटावर चढून आमच्या वाड्याचे छायाचित्र घेतले होते. यॉर्कच्या मैत्रिणींना ते दाखवण्यापूर्वी मी त्याची डावीकडची बाजू कापली, कारण तिथे मागच्या पडवीवर अंथरलेली निळी ताडपत्री आणि तिच्यावर ठेवलेल्या विटा दिसत होत्या. उरलेल्या चित्रात कौले, सज्जा आणि मावळतीचे ऊन होते, आणि सगळ्यांना ते फार आवडले. परवा भावाचा निरोप आला की डागडुजीच्या परवानगीच्या अर्जाला जोडण्यासाठी तटावरून घेतलेले एखादे छायाचित्र हवे आहे, तुझ्याकडे असेल तर पाठव. मी त्याला न कापलेले पाठवले, आणि खाली विचारले की पडवीचे वासे बदलायला किती खर्च येईल.