ओळख पटेपर्यंत

आयर्लंडच्या पारंपरिक नृत्यसंगीतातली एक रील, म्हणजे जलद चालीची नाचाची धून, नेहमीच्या लयीत एकदा वाजवून व्हायला साधारण ३५ ते ४० सेकंद लागतात. आठ-आठ मापांचे (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) दोन भाग आणि प्रत्येक भाग दोनदा, अशी ३२ मापे झाली की आवर्तन पुरे होते. अशी दोन किंवा तीन आवर्तने करून वादक मंडळी क्षणभरही न थांबता दुसऱ्या धुनेत शिरतात आणि तिथून तिसरीत. म्हणजे एका धुनेला जेमतेम दोन मिनिटांचे आयुष्य मिळते. त्यातले पहिले आवर्तन ‘ही आपल्याला येते का?’ या विचारात जाते, दुसरे ‘येते बहुधा, पण हिचा दुसरा भाग कसा उचलतात?’ या चिंतेत जाते, आणि तिसऱ्या आवर्तनात मी फिडल हनुवटीखाली घेऊन गज तारेवर टेकवतो न टेकवतो तोच कोणीतरी ‘हप्!’ असे ओरडते आणि सगळे पुढच्या धुनेत निघून गेलेले असतात. हे वादन शिकण्यातला खरा त्रास बोटांचा, गजाचा किंवा मानेचा नाही, असे माझे अनुभवान्ती मत बनले आहे. ते त्रास आहेतच, पण ते घराचे दार लावून सोसता येतात. ओळख पटण्याचा त्रास मात्र चारचौघांत बसून सोसावा लागतो.

नोकरीने मला क्लेअर परगण्यातल्या एनिस या गावी आणून सोडले, तेव्हा या सगळ्याची मला कल्पना नव्हती. हा परगणा संगीताने झपाटलेला आहे. इथला किल्फेनोरा केली बँड (केली म्हणजे सामूहिक नाचाचा मेळावा) १९०९ पासून आणि टल्ला केली बँड १९४६ पासून नाचणाऱ्यांना साथ देत आला आहे, आणि पश्चिमेकडच्या मिल्टाउन मॅल्बे या लहानशा गावात विली क्लॅन्सी या पाइपवादकाच्या नावाने १९७३ पासून जुलै महिन्यात संगीताची उन्हाळी शाळा भरते. अशा ठिकाणी राहून काहीच न वाजवणे सभ्यपणाचे दिसत नाही. त्यातून लहानपणी साताऱ्यात मी काही वर्षे व्हायोलिन शिकलो होतो. मांडी घालून, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवून, पं. व्ही. जी. जोग यांच्या कॅसेटी ऐकत ऐकत यमन आणि भूप इथपर्यंत माझी मजल गेली होती. फिडल म्हणजे व्हायोलिनच. माझ्या इथल्या गुरुजींनी माझे हे पूर्वज्ञान शांतपणे ऐकून घेतले, मला खुर्चीवर बसायला सांगितले आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवायला लावले, कारण त्यांतल्या एका पायाने ठेका धरायचा होता.

गुरुजींनी सत्तरी ओलांडली आहे आणि या देशात सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही लोक पहिल्या नावाने हाक मारतात. ते माझ्याच्याने होईना. मी त्यांना ‘सर’ म्हणालो की ते मागे वळून दाराकडे पाहत, कारण असे कोणीतरी आत आले असावे अशी त्यांची समजूत होई. अखेरीस मी कोणतेच संबोधन न वापरता नुसता घसा खाकरून वाक्य सुरू करू लागलो. माझ्या आजीने आजोबांशी उभा जन्म याच पद्धतीने संभाषण केले होते. त्यामुळे ही घराण्याची परंपरा आहे असे मी मानतो.

शिकवण्याची पद्धत मला परकी नव्हती. ते एक तुकडा वाजवतात, मी तो ऐकून वाजवतो, चुकले की ते पुन्हा वाजवतात; कागद मध्ये येत नाही. धून बोटांत उतरत नसेल तर ते ती तोंडाने ‘डिडल्डी आयडल्डी’ अशा निरर्थक बोलांत म्हणून दाखवतात. लिल्टिंग नावाच्या या प्रकाराच्या इथे रीतसर स्पर्धा होतात. जिग या नाचाच्या दुसऱ्या प्रकारच्या धुनेचा ठेका मनात बसावा म्हणून ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ हे शब्द घोकायची जुनी पद्धत आहे. जन्मभर शाकाहारी राहिलेला मी एनिसच्या पदपथावरून डुकराच्या मांसाचे दोन प्रकार पुटपुटत कामाला जातो, आणि समोरून येणारी माणसे मला ओळख असल्यासारखी मान डोलावतात.

जिगच्या एका मापात सहा मात्रा असतात हे कळल्यावर मी मनातून सुखावलो होतो, कारण सहा मात्रांचा दादरा आपल्या रक्तातच आहे. परंतु जिगच्या सहा मात्रा सारख्या अंतरावर बसत नाहीत. प्रत्येक तिनातली पहिली किंचित रेंगाळते, दुसरी आखडून घेते आणि तिसरी पुढच्या तिनाला ढकलते. या ढकलण्यावरच नाचणाऱ्याचे पाऊल उचलले जाते. माझ्या दादऱ्यात पावले उचलली जात नव्हती. गुरुजींनी माझी जिग पूर्ण ऐकली, खिडकीबाहेर पाहिले आणि ती फार शांत वाटते, असे ते म्हणाले. आयरिश माणसाने केलेली ही स्तुती नव्हती, हे कळायला मला काही काळ जावा लागला.

कागदासाठी मी फारच हट्ट धरला तेव्हा त्यांनी मला पॉड्रिग ओ’कीफ यांची गोष्ट सांगितली. केरी आणि कॉर्क या परगण्यांच्या सीमेवरच्या स्लीव लूख्रा भागातले हे ओ’कीफ (१८८७–१९६३) मुळात शाळामास्तर होते. ती नोकरी सुटल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी डोंगराळ वाटा तुडवत घरोघर फिडल शिकवण्यात घालवले. स्वरलिपी वाचता न येणाऱ्या शिष्यांसाठी त्यांनी स्वतःची एक लिपी बसवली होती: पाच रेघांमधल्या चार जागा म्हणजे चार तारा आणि त्यांत लिहिलेले आकडे म्हणजे बोटे. गुरुजींनी तशा लिपीत एक पोल्का, म्हणजे दोन मात्रांच्या ठेक्याची नाचाची धून, मला लिहून दिली. मी ती स्वयंपाकघरात फ्रीजवर लावली आहे. तिच्याकडे पाहून मला बोटे कळतात, तार कळते. पोल्का मात्र कानानेच शिकावी लागली.

यापुढचे संकट हरकतींचे. या संगीतात ‘रोल’ नावाचा एक अलंकार आहे: तीन मात्रांच्या जागेत मूळ सूर, वरच्या बोटाची टिचकी, पुन्हा मूळ सूर, खालच्या बोटाची टिचकी आणि पुन्हा मूळ सूर, असे पाच प्रसंग घडवून आणायचे, आणि तेही टिचकीचा सूर वेगळा ऐकू येऊ न देता. माझ्या बोटांवर साताऱ्याचे संस्कार आहेत. त्यांना टिचकी मारून परत येणे अप्रतिष्ठेचे वाटते. ती घसरत, वळसा घालत, वाटेतल्या श्रुतींची विचारपूस करत पोहोचतात. मींड घ्यायला इथेही मनाई नाही, क्लेअरचे वादक ती फार सुरेख घेतात, पण ती पाव सेकंदात आटपतात. तू बरोबर जागी पोहोचतोस पण फेरफटका मारून, असे गुरुजींचे निदान आहे. डोनेगल परगण्यातले वादक जवळजवळ प्रत्येक सुराला स्वतंत्र गज मारत सुसाट जातात. स्लायगो परगण्याचे फिडलवादक मायकल कोलमन (१८९१–१९४५) यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रिका समुद्र ओलांडून परत आल्या आणि खेड्याखेड्यांतले वादक त्यांची नक्कल करू लागले. या दोन्हींच्या मानाने क्लेअरची शैली संथ समजली जाते. हा संथपणा डोनेगलच्या तुलनेत ठरवलेला आहे, माझ्या नव्हे.

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे ओळखीकडे, वळतो. हजारो धुना, सगळ्यांची बांधणी जवळपास तीच, बहुतेकांचा मुक्काम डी किंवा जी या स्वरांच्या आसपास, आणि चार-चार सुरांचे तुकडे तर एकमेकांत बिनदिक्कत उसने घेतलेले. मी आपल्या परीने थाट लावून पाहिले. ‘ड्राउझी मॅगी’ ही रील चक्क काफी थाटात फिरते, ‘बॅनिश मिसफॉर्च्युन’ ही जिग कोमल निषाद मिरवत खमाजाकडे झुकते, आणि या शोधाने मी इतका हरखलो की गुरुजींना काफी आणि खमाज यांच्या वेळा, रस आणि ठुमरीशी असलेला संबंध सांगत बसलो. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकले. पण थाट कळल्याने शेकडो संशयितांतले शंभरभर उरतात, एवढाच काय तो फायदा. नावांचा उपयोग त्याहूनही कमी. एकाच धुनेला परगण्यागणिक वेगळे नाव असते, एकाच नावाच्या दोन-तीन वेगळ्या धुना असतात, आणि ज्याने आत्ताच ती अप्रतिम वाजवली त्याला नाव विचारावे तर तो ती कोणाच्या मामाकडून उचलली हे सांगतो.

ही ओळखपरेड एका पोलिसाने मात्र पार पाडली. कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेले फ्रान्सिस ओ’नील १९०१ ते १९०५ या काळात शिकागोच्या पोलीस दलाचे प्रमुख होते, आणि त्या शहरातल्या आयरिश लोकांकडून धुना गोळा करण्याचा त्यांना ध्यास होता. ऐकलेले त्यांच्या लक्षात राही. स्वरलिपीत उतरवण्याचे काम जेम्स ओ’नील हे दलातलेच सहकारी करत. १९०३ साली त्यांचा १,८५० रचनांचा संग्रह निघाला आणि १९०७ साली १,००१ नृत्यधुनांचा दुसरा. मी हिशेब केला: आठवड्याला एक या वेगाने पहिला संग्रह पुरा करायला मला पस्तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. गुरुजींना हा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी फक्त आठवड्याला एक हा आकडा जरा धाडसी असल्याचे सुचवले.

पबमधल्या सेशनला, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीला, मी हे सर्व ज्ञान बरोबर घेऊन जातो. गोल बसलेल्या वादकांत लिहिलेला एकही नियम नसतो आणि मोडू नयेत असे नियम पुष्कळ असतात. धून येत नसेल तर चाचपडत वाजवू नये, हा त्यांतला पहिला. त्यामुळे मी बहुतांश वेळ फिडल मांडीवर घेऊन, पायाने ठेका धरून, समजूतदार चेहऱ्याने बसलेला असतो. माझ्याशेजारी बोधरानवाला बसतो. हे बकऱ्याच्या कातड्याचे एकतोंडी वाद्य चाकूनेच वाजवावे, असा इथला एक जुना विनोद आहे; तो दर वेळी कोणीतरी करते आणि बोधरानवाला दर वेळी हसतो. त्याच्या या सहनशीलतेपासून शिकण्यासारखे बरेच आहे, कारण त्याला निदान धून ओळखावी लागत नाही.

सर्वांत भयंकर क्षण सौजन्याचा असतो. एखादी आजीबाई कॉन्सर्टिना (भात्याची छोटी पेटी) मांडीवर ठेवून माझ्याकडे वळते आणि आता तूच एक सुरू कर, म्हणते. धून आपणच सुरू केली म्हणजे ती ओळखावी लागत नाही, या आनंदात मी फ्रीजवरची ती पोल्का माझ्या गतीने सुरू केली. पहिल्या आवर्तनाच्या मध्यावर बासरीवाले आले, शेवटी अकॉर्डियन आले, आणि दुसऱ्या आवर्तनापासून ती पोल्का माझी राहिली नाही. मी तिच्या मागून धावत होतो. तिसऱ्यानंतर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण जोडीची पुढची धून सुरू करणाऱ्यानेच ठरवायची असते. माझ्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे, पण आजीबाईंनी तत्काळ सूत्रे हाती घेतली. नंतर तीन जणांनी येऊन माझा गज फार सुंदर असल्याचे सांगितले.

तरीही गुरुजींनी मला एका गुरुवारी नाचाच्या वर्गाला नेले. आठ-आठ जणांचे चौकोन करून क्लेअरचे लोक कॅलेडोनियन सेट नाचतात, आणि त्यांच्या बुटांच्या टाचा जमिनीवर अशा पडतात की फिडल थांबले तरी रील चालू राहावी. इथे मला नवाच साक्षात्कार झाला. सेशनमध्ये ओळख पटण्याआधी संपणारी धून नाचात संपतच नाही. चारही जोड्या आपापली पाळी घेऊन जागेवर येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा वाजवावी लागते, आणि मध्येच थांबलो तर सोळा पाय हवेत राहतात. मला माझी रील ओळखायला, तिच्याशी जुळवून घ्यायला, तिचा कंटाळा करायला आणि पुन्हा तिच्यावर प्रेम करायला भरपूर वेळ मिळाला. उजवा दंड भरून आला होता, पण तिसऱ्या माणसाच्या टाचेवर माझा गज नेमका पडतो आहे हे माझ्याही लक्षात आले आणि गुरुजींच्याही. त्यांनी स्वतःचे फिडल हळूच खाली घेतले आणि मला एकट्याला सोडून दिले.

नाच संपल्यावर वर्ग चालवणाऱ्या बाई रुमालाने कपाळ टिपत आमच्याकडे आल्या. एरवी त्या सीडी प्लेअर लावतात, तो बिघडला असून दुरुस्तीला दिला आहे, असे त्यांनी सांगितले, आणि पुढच्या गुरुवारी मला वेळ आहे का, असे विचारले. गुरुजींनी माझ्या वतीने होकार दिला. तो सीडी प्लेअर दुरुस्त होऊन आला की नाही, याची चौकशी मी मुद्दामच केलेली नाही.