प्रोटीनचा डबा आणि डॉ. गोपालन

नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्यात आपलं मेडिकल आहे, अठरा वर्षं झाली. महिन्यातून दोनतीनदा तरी धडगाव साइडची एखादी बाई येते, कडेवर पोर, मुठीत पाचशेची नोट, आणि टीव्हीवरचा तो पावडरचा डबा मागते. परवा पण आली, मी दिला नाही. (दुकानदार असून असं करतो म्हणून बायको ऐकवते ते वेगळंच.)

डॉ. सी. गोपालन हे नाव किती जणांनी ऐकलंय? सेलमचे, जन्म 1918, गेले 2019 ला, शंभरी गाठून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संचालक, नंतर आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख. त्या काळात सगळं जग प्रोटीन प्रोटीन करत होतं. पोर सुजलं की क्वाशिओरकोर, म्हणजे प्रोटीन कमी, वाळलं की मरास्मस, म्हणजे कॅलरी कमी, असा सरळ हिशोब. गोपालनांनी दोन्ही प्रकारची पोरं घरी काय खातात ते तपासलं तर ताटात फरकच नाही! तेच खाऊन एक सुजतं, एक वाळतं. मूळ दुखणं एकच, अन्नच कमी पडतंय, घरचंच डाळ-धान्य पोटभर मिळालं तर प्रोटीन बहुतेक त्यातूनच भागतं. आपले साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुखात्मे पण आकडेवारीतून तेच सांगत होते. आता यात विकायला काय आहे सांगा, म्हणून डबा जिंकला.

पुढे 80 च्या दशकात एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाने नवीनच काढलं, की गरिबाचं पोर बुटकं असलं तरी ठणठणीत असतं. म्हणजे प्रश्नच मिटला ना! गोपालन त्यालाही भिडले, आणि मला तर माणूस तिथेच जास्त आवडला.

पण 'पोटभर' हा शब्द पण वाटतो तितका सोपा नाहीये. माझी वहिनी अंगणवाडी सेविका, तिच्यासमोर हे सगळं बोललो तर म्हणे, "भाऊ, भरवाले माय घर शे का?" (भरवायला आई घरी आहे का?) एवढंसं पोट, एका वेळी अर्धी भाकर जात नाही, दिवसातून चारपाच वेळा थोडं थोडं तेल टाकून भरवावं लागतं, आणि माय अंधारातच मजुरीला गेलेली. दिवाळीनंतर अख्खा पाडा गुजरातला ऊसतोडीला, वजनाचं रजिस्टर अंगणवाडीत आणि पोर उसाच्या फडात, परत आल्यावर दंडाला पट्टी लावली की साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, लाल, म्हणजे तीव्र कुपोषण.

तर त्या परवाच्या बाईला मी शेंगदाणे, गूळ, भाकरीवर तेल सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, म्हणाली, "दादा, तोडीवर मोठी पोरगी सांभाळते याला. तिला भाकर करता येत नाही, पावडर कालवता येते."

आणि समोरच्या दुकानात गेली.