‘आपोआप’ मोठी झालेली मुले

आज १६ जून. परदेशात राबून घरी पैसे पाठवणाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला हा दिवस. त्याचे निमित्त साधून मावशीने सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आईचा जुना फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘सात वर्षे परमुलखात राहून या माउलीने तीन मुलांना शिकवले, आणि मुलेही इतकी गुणी की आपोआप मोठी झाली.’ सगळ्यांनी हात जोडले. ताईनेही जोडले. मी दोनदा उत्तर लिहिले आणि दोनदा पुसले, कारण आईच्या कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही. मला बोचला तो ‘आपोआप’ हा शब्द.

बाबा गेल्यानंतर आई परदेशात एका कुटुंबाकडे राहून त्यांची दोन मुले सांभाळण्याच्या कामावर गेली, तेव्हा ताई चौदा वर्षांची होती, मी नऊ वर्षांचा आणि धाकटा पाच. कागदोपत्री आमची पालक मावशी होती. ती महिन्यातून एकदा येई, आवरलेले घर पाही, ‘पोर फार शहाणी आहे हो’ असे म्हणे आणि समाधानाने परत जाई.

मी चौथीत असताना पालकसभा होती. नववीतली ताई पोट दुखत असल्याचे सांगून आपल्या वर्गातून निघाली, दोन मजले उतरून माझ्या वर्गात आली आणि गणवेशातच पालकांच्या बाकावर बसली. बाईंनी तिला आधी उठवले, मग काही न बोलता पुन्हा बसू दिले. माझ्याबद्दलच्या तक्रारी तिने स्वतःच्या वहीच्या शेवटच्या पानावर ओळीने उतरवून घेतल्या : अक्षर वाईट, लक्ष नाही, नखे वाढलेली. त्या रात्री तिने माझी आणि धाकट्याची नखे कापली.

हे आपोआप झाले का? ज्या घरात सकाळी कोण आधी उठणार हे चौदा वर्षांच्या मुलीने ठरवायचे असते, धाकट्याचा ताप उतरेपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी तिनेच परीक्षेला बसायचे असते, त्या घरातील मुले आपोआप मोठी होत नाहीत. त्यांना कोणीतरी मोठे करत असते, आणि त्या कोणाचे नाव घेतले की आपण मोठी माणसे तेव्हा कुठे होतो हा प्रश्न उभा राहतो. ‘शहाणी’ म्हटले की दार वाजवायची गरज उरत नाही, इतके साधे आहे ते.

आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली काळजीच्या जागतिक साखळीबद्दल लिहिले. श्रीमंत देशातल्या घरी मुले सांभाळायला दुसऱ्या देशातून बाई येते, तिची मुले तिच्या गावी आणखी कोणी गरीब बाई सांभाळते, आणि त्या बाईची धाकटी मुले तिची थोरली मुलगी. आमच्या घरी साखळीतली मधली कडीच नव्हती. आईला दुसऱ्यांच्या मुलांची नखे कापण्याचा पगार मिळत होता. आमची कापणारीला ‘शहाणी’ एवढीच पदवी मिळाली.

आई गेलीच नसती तर शाळा सुटली असती, हे मला मान्य आहे. मान्य करायला आवडत नाही, पण आहे.

म्हणूनच आईला दोष देणाऱ्यांचाही मला तितकाच संताप येतो. श्रीलंकेने २०१३ साली पाच वर्षांखालील मूल असलेल्या आयांना परदेशी घरकामाला जाण्यास मज्जाव करणारा नियम आणला होता. बापांना तसा मज्जाव नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या दहाव्या कलमात, आईवडील वेगवेगळ्या देशांत असतील तर मुलाला दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे. आमच्या वाट्याला तो हक्क दर रविवारी फोनवर दहा मिनिटे आला, आणि त्यातली आठ ताई ‘सगळे ठीक आहे’ हे वेगवेगळ्या शब्दांत सांगण्यात घालवत असे.

मावशी वाईट नव्हती, हेही लिहायला हवे. तिचा संसार होता, तिच्या अडचणी होत्या. लिहिता लिहिता माझा तिच्यावरचा राग थोडा ओसरला आहे. त्या शब्दावरचा नाही.

त्या पालकसभेबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. घर बदलताना जुनी प्रगतिपुस्तके सापडली. माझ्या पुस्तकात पालकांच्या रकान्यात आईची सही होती, ताईने गिरवून गिरवून साधलेली, शेवटचे अक्षर जरा जास्तच वळवलेले. तिच्या पुस्तकातही तीच सही होती, तेच वळण. नववीची पालकसभा त्याच दिवशी, माझ्या सभेनंतर तासाभराने होती आणि तिच्यासाठी त्या बाकावर कोणी बसले नव्हते. मी तेव्हा खाली मैदानात खेळत होतो.

ताई, हे वाचून तू फोन करशील, आईला वाईट वाटेल म्हणशील आणि पोस्ट काढायला सांगशील. आईला मी सकाळीच वाचून दाखवली आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तुझे नववीचे प्रगतिपुस्तक कुठे आहे, एवढेच तिने विचारले.