नळ आला, भरून घ्या

सोलापूरकराला साठवायला कुणी शिकवावं लागत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा पाणी सुटणाऱ्या गावात वाढलं की बॅरल, टाकी, घागर, बादली, कुकर आणि शेवटी उरलेल्या वाट्यासुद्धा भरून ठेवायची सवय आपोआप लागते. त्यामुळे गाण्यांचा डिजिटल संग्रह करायचं तुमच्या मनात असेल, तर पुण्या-मुंबईच्या मंडळींपेक्षा तुम्ही आधीच चार पावलं पुढे आहात. फरक एवढाच की पाणी वापरून संपतं, आणि उजनीचं नवं पाणी आलं की आपण शिळं पाणी झाडांना ओततो. गाण्यांच्या बाबतीत ही चूक करायची नाही. गाणं ओतायचं नाही आणि वापरायचंही नाही. नुसतं भरायचं.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्याकडे आजघडीला ६०,००० गाणी आहेत. गाण्याला पाच मिनिटं धरा, ५,००० तास झाले. रोज न चुकता एक तास ऐकलं, आणि आवडलेलं गाणंही पुन्हा लावायचा मोह टाळला, तर जवळपास पावणेचौदा वर्षं पुरतील. हा हिशेब मी मोठ्या उत्साहाने बायकोला दाखवला. ती म्हणाली, “अहो, ते राहू द्या. सकाळी गिरणीत ठेवलेलं दळण तेवढं घेऊन या.” तेव्हा हिशेब कुणाला दाखवायचा ते आधी ठरवा.

सुरुवात कुठून करायची? माझी नवी पेठेत झाली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानांवर पाटी असायची, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. काउंटरमागचा पोरगा विचारायचा, “काय भरू मालक? जुनी, नवी का मिक्स?” मी म्हणायचो, “सगळी.” माझा आजचा संग्रह त्या एका शब्दावर उभा आहे. आता सोलापुरात ‘सगळी’ म्हणजे मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड, वर कव्वाल्या आणि गणपतीच्या मिरवणुकीतले रिमिक्स. त्यातली तेलुगू गाणी मला कळत नाहीत, म्हणूनच ती मी आजवर पुसलेली नाहीत. न जाणो, चांगली असली तर?

भरून झालं की दर्जाकडे वळा. त्यासाठी थोडं शास्त्र लागतं, आणि चारचौघांत बोलायला ते बरंही दिसतं. सीडीवर आवाजाच्या दर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, प्रत्येक नोंद १६ बिटची, आणि असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला १,४११ किलोबिट होतात; यालाच बिटरेट म्हणायचं. आपण ज्यावर लहानाचे मोठे झालो ती एमपी३ फाइल १२८ किलोबिटची, म्हणजे अकरावा हिस्सा. बाकीचा आवाज गेला कुठे? मोठ्या आवाजाखाली दबलेला लहान आवाज माणसाला तसाही ऐकू येत नाही, म्हणून तो काढून टाकायचा, या तत्त्वावर एमपी३ चालते. आमच्या घरात माझ्या आवाजाचं नेमकं हेच होतं, त्यामुळे मला हे तंत्र समजायला वेळ लागला नाही.

यावर उतारा म्हणजे २००१ साली आलेला फाइलचा दुसरा प्रकार, फ्लॅक. यात काहीही टाकून दिलं जात नाही, सगळं फक्त घट्ट बांधलं जातं. पाच मिनिटांचं गाणं सीडीवर ५३ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण ३०. मग सच्च्या संग्राहकाने काय करावं? नवी पेठेतून भरून आणलेली सगळी एमपी३ गाणी फ्लॅकमध्ये बदलून घ्यावीत. पाच एमबीची फाइल कितीतरी पट फुगते. आवाज होता तसाच राहतो, कारण एकदा टाकून दिलेलं परत येत नाही. पाणी घातलेलं दूध पितळी चरवीत ओतल्यासारखा प्रकार आहे. पण फाइलच्या नावापुढे ‘फ्लॅक’ लागतं आणि रात्री झोप शांत लागते. माझे आठ रविवार यात गेले. पंखा माझ्यावर नव्हता, कॉम्प्युटरवर होता.

कॅसेटी असतील तर त्याही सोडू नका. आमच्या वडिलांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली नव्वद मिनिटांची एक कॅसेट होती. आकाशवाणीवरची नाट्यगीतं. मी टेपची पिन कॉम्प्युटरला जोडली आणि थेट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर ती उतरवून घेतली. एवढ्या मापात ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान २० पर्यंत, तोही तरुणपणी. उरलेला भाग गल्लीतल्या कुत्र्यांसाठी, त्यांना चाळिसापर्यंत आरामात ऐकू येतं. अर्थात त्या टेपवर एवढं वर काही नव्हतंच, पण कुत्र्यांची सोय आपल्याकडून झालेली बरी. कॅसेटची खरखर मात्र एकही बिट न गमावता आली.

त्या कॅसेटमध्ये गाण्याच्या मागे शेजारच्या अण्णांच्या यंत्रमागांचा खडखडाट होता. दुसऱ्या बाजूला तर ऐन तानेत आई म्हणते, “अहो, दूध उतू चाललंय, बघा की.” आणि वडील हळूच म्हणतात, “शूऽ, भरतंय.” असली घाण संग्रहात ठेवायची नसते. त्यासाठी सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नुसत्या खडखडाटाचा एक तुकडा निवडून दाखवायचा, मग ते तसला आवाज सगळीकडून पुसून काढतं. मी अण्णांचे माग काढले. आईचा आवाज तसा निघेना, म्हणून तो हाताने कापला, वडिलांचाही. जोड बेमालूम झाला आहे, कुणाला कळणार नाही. गाणं आता अगदी स्वच्छ आहे. असं स्वच्छ ते कुठेही मिळतं. मूळ कॅसेट जागा अडवत होती, ती भंगारवाल्याला दिली.

असो. आता नावं घालायची. खरा पुरुषार्थ इथे आहे, ऐकण्यापेक्षा दसपट वेळ यात जातो. एमपी३ फाइलला नावगाव लावायची पहिली पद्धत १९९६ साली आली, आयडी३ नावाची. फाइलच्या शेपटाला १२८ बाइटची चिठ्ठी. त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, तीही रोमन. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी’ इंग्रजी अक्षरांत लिहून पाहा. २९ अक्षरांत विठोबा विटेवर उभा राहतो, तिसावी जागा मोकळी सुटते आणि कर कटावर ठेवायच्या आत चिठ्ठी संपते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, म्हणून जरा जास्त लागतं. मराठीत नाव लिहायला जाल तर कुमार गंधर्वांच्या जागी पाच आणि सहा प्रश्नचिन्हं उमटतात. पुढच्या आवृत्त्यांत ही अडचण सुटली, पण जुन्या गाडीतल्या जुन्या प्लेअरला ते कुणी सांगायचं?

त्या चिठ्ठीत संगीताचा प्रकार लिहायला ८० प्रकारांची ठरलेली यादी होती. पोल्का आहे, ख्रिश्चन रॅप आहे, ॲसिड जॅझ आहे. लावणी नाही. शाहीर राम जोशींच्या गावचे आपण, आणि लावणी ‘इतर’मध्ये टाकायची! अभंगाला त्यातल्या त्यात जवळचं म्हणून गॉस्पेल सापडतं. माझे भीमसेनजी काही काळ तिथेच होते. नंतर मी कलाकारांची नावं एकसारखी करायला घेतली, तेव्हा सगळे पंडित ‘पी’खाली गोळा झाले आणि सगळे उस्ताद ‘यू’खाली. मग ‘पंडित’ काढलं, तर आडनावाने लावायचं की नावाने? या प्रश्नावर मी अख्खा श्रावण घालवला आणि एकही गाणं ऐकलं नाही.

या बाबतीत गौहर जानने मात्र आपल्या सगळ्यांना मागे टाकलंय. १९०२ साली कोलकात्यात तिचं ध्वनिमुद्रण झालं. तबकड्या बनायच्या पार जर्मनीत, हॅनोव्हरला, तिथल्या कारागिराला गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपताना ती स्वतःच ओरडून सांगायची, “माय नेम इज गौहर जान!” सव्वाशे वर्षं होत आली, ते नाव अजून कुठल्या सॉफ्टवेअरला पुसता आलेलं नाही. नाही म्हणायला माझ्यासारखा एखादा भेटला तर हाताने कापेल.

आता साठवण. हार्ड डिस्क आणाल तेव्हा खोक्यावर १ टीबी लिहिलेलं असेल आणि कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवेल. भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १,०२४ ने; मापं दोन, दूध एकच. दुसरं म्हणजे डिस्क माळ्यावर ठेवू नका. मी ठेवली होती, पत्र्याखाली, सोलापुरी चादरीत नीट गुंडाळून. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना पत्र्याखाली काय असेल ते तुम्हीच समजा, आणि चादरीचं कामच मुळी ऊब धरून ठेवायचं. डिस्कमधलं वाचणारं टोक फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते एकदा टेकलं की ‘टिक, टिक, टिक’ असा आवाज येतो. माझ्या संग्रहातला तेवढाच एक आवाज मी शेवटपर्यंत मन लावून ऐकला.

म्हणून प्रती काढा. जाणकार सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दोन डिस्क एकमेकींचा आरसा करून ठेवल्या की झालं, असं समजू नका. एकीवरून चुकून पुसलं की दुसरीही इमानाने तेच पुसते. मी दुसऱ्या माध्यमासाठी गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, ५१२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला. किंमत ऐकूनच कळायला हवं होतं, पण जत्रेत माणूस अक्कल घरी ठेवून जातो. असले ड्राइव्ह आतून आठ-सोळा जीबीचे असतात, कॉम्प्युटरला थाप मारतात आणि जागा संपली की जुन्यावरच नवं लिहीत जातात. नावं सगळी जागच्या जागी दिसतात, आत काही नसतं. तिसरी प्रत बार्शीच्या मेव्हण्याकडे ठेवली. त्याने तिच्यावर पुतणीच्या लग्नाचं शूटिंग टाकलं. “दाजी, त्यात नुसती गाणीच होती की,” असं तो म्हणाला.

कायद्याचं एका वाक्यात उरकतो: ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे गौहर जान बिनघोर भरा, बाकीच्यांचं तुम्ही आणि तुमची सद्सद्विवेकबुद्धी.

घरातली तरुण पोरं म्हणतील, “पप्पा, आता सगळं ॲपवर मिळतं, कशाला साठवताय?” त्यांना मायस्पेस या सोशल साइटची २०१९ सालची गोष्ट सांगा. सर्व्हर बदलताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेली पाच कोटींहून जास्त गाणी गेली. नळ आपला नसतो, बॅरल आपलं असतं, हे सोलापुरात तरी पटायला हरकत नाही. माझ्या मुलाला पटलं. फक्त ते सांगत होतो तेव्हा त्याच्या कानात काहीतरी वाजत होतं.

शेवटचा प्रसंग प्रत्येक संग्राहकावर येतो, त्याची तयारी ठेवा. घरी पाहुणे येतील, शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर ताव मारतील आणि म्हणतील, “तुमच्याकडे म्हणे लाखभर गाणी आहेत. लावा की एखादं.” आकडा दुरुस्त करू नका. डिस्क जोडा. ती अपडेट मागेल, द्या. मग यादी बनायला लागेल, ‘६०,००० पैकी ४१२’. तेवढ्या वेळात पाहुण्यांना फ्लॅकबद्दल सांगा. चारशेचे हजार होईपर्यंत पाहुण्यांची बायको मोबाइलवर तेच गाणं शोधेल, आधी शाम्पूची जाहिरात लागेल, मग गाणं. सगळे गप्प होतील. स्वयंपाकघरातून तुमची बायकोही हात पुसत दारात येऊन उभी राहील. अशा वेळी तुम्ही विचारायचं, “कितीचा बिटरेट आहे हा?”

पाहुणे गेल्यावर ते गाणं आपल्या संग्रहात शोधा. सात प्रती सापडतील. आठवी उतरवून घ्या.