'रन' म्हणजे नुसतं 'पळणे' नाही, भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की पोरांकडून 'रन म्हणजे पळणे' एवढं पाठ करून घ्यावं. अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या पोरांना अर्थांचं जंजाळ झेपत नाही, ती इंग्रजीला घाबरतात.

घाबरण्याचं म्हणाल तर पटतं. या एका क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने ६४५ अर्थ मोजल्याचं २०११ मध्ये छापून आलं होतं. ते कुणी पाठ करू नयेत. पण म्हणून एकावर भागतं का? 'द वेल हॅज रन ड्राय' याचं मग 'विहीर कोरडी पळाली' होतं. दर उन्हाळ्यात विहीर आटताना पाहिलेल्या पोराच्या वहीत हे वाक्य यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

'झेपत नाही' हे मात्र मला मुळीच मान्य नाही. धुळ्याकडे माणूस भेटला की 'काय चाली ऱ्हायनं?' असं विचारतात. तिथे कुणी पायी चालत नसतं. मळ्यात मोटार चालते, केळीला ठिबक चालतं, दुकान चालतं, फाटकी नोट चालत नाही आणि मोठ्यांपुढे लहानांचं काही चालत नाही. हे सगळं पोराला कुणी शिकवलं? शेजारचा शब्द ऐकून त्याचं त्यालाच कळलं. 'रन' याच वाटेने जातं. त्यातले पाय गळतात आणि न थांबता पुढे जात राहणं तेवढं उरतं. म्हणून तापी वाहते, नळ वाहतो, सर्दीत नाक वाहतं, मशीन चालतं, बस धावते, कुणी संस्था चालवतो, सगळीकडे 'रन'. धुतल्यावर साडीचा रंग जातो तोही 'रन'च, कारण तो पाण्याबरोबर वाहतो.

सगळंच असं जुळत नाही. निवडणुकीला आपण उभे राहतो, अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो. ब्रिटनमधला मात्र आपल्यासारखा उभाच राहतो. 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे, 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणे. अशा जोड्या वाक्यासकटच शिकवाव्या लागतात.

तुम्ही शिकवत असाल तर एकदा करून बघा. आधी 'चालणे'ची वाक्यं पोरांकडूनच घ्या, अहिराणीतलीही चालतील. मग फळ्यावर 'रन'ची तीन-चार वाक्यं लिहा, नळाचं, मोटारीचं, बसचं, आणि अर्थ त्यांनाच विचारा.