‘बोचक्यासारखं’ या शब्दाला माझं उत्तर

हाय व्हान घाटाच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाची लांब प्रतिक्रिया आलीये, तिला तिथेच चार ओळीत उत्तर द्यायला बसले होते पण लिहिता लिहिता ते एवढं वाढलं की वेगळं टाकावं लागतंय. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, जानेवारीत मी व्हिएतनाममध्ये हुए ते होई आन हा प्रवास एका दिवसात गाइडच्या मोटरसायकलवर मागे बसून केला, मधे लांग कोची खाडी आणि मग समुद्राला लागून चढणारा हाय व्हान घाट, त्याबद्दल तो लेख होता. प्रतिक्रिया अशी:

“ताई, मागच्या सीटवर बोचक्यासारखं बसून फिरण्याला बाइक ट्रिप म्हणत नाहीत. मी २०१९ ला तोच घाट स्वतः चालवत केला, भाड्याने गाडी घेतली, कोणी लायसन्ससुद्धा विचारलं नाही. घाट ४९६ मीटर, आपली आंबोली त्यापेक्षा उंच, कोकण सोडून तिकडे कशाला जायचं? बोगदा १२ किलोमीटरचा लिहिलाय तो ६ चा आहे. आणि गाइडेड टूरच्या पैशातले एजंट किती घेतो, चालवणाऱ्याच्या हातात किती पडतात यावर एक अक्षर नाही.”

नमस्कार. बोगद्याचं आधी सांगते कारण तिथे तुमचं बरोबर आहे. हाय व्हानचा बोगदा ६.२८ किलोमीटरचा आहे, २००५ साली सुरू झाला, शेजारी दुसरा बोगदा २०२१ ला झाला, गाइड म्हणाला दोन आहेत आणि मी लिहिताना दोन्हींची बेरीज करून ठेवली. चूक माझी, लेखात दुरुस्त केलीये, धन्यवाद. चूक दाखवली की मला राग येत नाही हे इथे नेहमी येणाऱ्यांना माहितीये.

पण तुम्ही सुरुवात ताई म्हणून केलीत आणि त्याच वाक्यात मला बोचकं करून टाकलंत. ताई म्हटलं की पुढे काहीही म्हणायची परवानगी मिळते असं बऱ्याच लोकांना वाटतं. घरात मोठ्या बहिणीशी असं बोलता का? मुद्दा मांडायचा तर मांडा, मी तुमच्यापेक्षा जास्त कडक टीका छापलेली आहे, एकही डिलीट केलेली नाही, पण शब्द जरा बघून वापरत जा.

आता बोचकं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण डेपो, कराड गाडीवर कित्येक वर्षं. म्हणजे कुंभार्ली घाट मी जन्मल्यापासून बघतेय, सुट्टीत त्यांच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून जायचे आणि कराडला भेळ खाऊन परत. तेव्हा मी एकदा त्यांना विचारलं होतं की अण्णा खाली दरीत धबधबा दिसला का, तर ते म्हणाले अगं मला फक्त पुढचं वळण दिसतं, घाट बघायचा तर पॅसेंजरने. पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस हे सांगत होता. तुम्ही हाय व्हान स्वतः चालवत केलात, छान, मग मला सांगा घाटाच्या खालून रेल्वे जाते ती तुम्हाला दिसली का? तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत समुद्राबद्दल एक शब्द नाही, उंचीचा आकडा आहे फक्त.

मला दिसली. चढताना एका वळणावर आन्हनी (आमचा गाइड, तिकडे मोठ्या भावाला आन्ह म्हणतात, मी तेच म्हणायचे) गाडी एकदम कडेला घेतली, हॉर्न बंद, इंजिन बंद, आणि नुसतं बोट खाली दाखवलं. झाडीतून आधी शिटी ऐकू आली मग खडकाच्या कडेने गाडी आली, खाली लाटा फुटतायत, वर हा डोंगर, आणि मधे एका बारक्या पट्टीवरून ती डब्यांची माळ बोगद्यात शिरली, शेवटचा डबा आत जाईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. हनोईपासून सायगावपर्यंतची ती लाइन, फ्रेंचांनी १९३६ ला पूर्ण केलेली. तो माणूस रोज हा रस्ता करतो आणि तरीही थांबला. हे मी चालवत असते तर मला मिळालं नसतं कारण मी पुढचा टँकर बघत असते. आणि टँकर असतातच, बोगद्यातून ज्वालाग्राही माल आणि जनावरांच्या गाड्या सोडत नाहीत, ते सगळं घाटानेच जातं. मोटरसायकलीही बोगद्यातून चालवत नेता येत नाहीत, ट्रकवर चढवून पलीकडे नेतात.

आता जे मूळ लेखात लिहिलं नव्हतं ते लिहिते, लिहायचं नव्हतं पण बोचकं हा शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

मी एकोणीस वर्षांची असल्यापासून गाडी चालवतेय. आधी लुना, मग स्कूटी, मग नवऱ्याची स्प्लेंडर, साडी नेसून सुद्धा चालवलीये. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कुंभार्लीत उतरताना एका वळणावर वरून वाहून आलेली लाल माती रस्त्यावर होती, पुढचं चाक गेलं, मी आणि गाडी घसरत कठड्यापर्यंत. डाव्या पायात रॉड आहे. अकरा महिने मी नीट चाललेली नाही. त्यानंतर गावातल्या गावात गाडी चालवते, बाजारात, बँकेत, पण घाटात दुचाकीवर बसले नव्हते, ना पुढे ना मागे. नवरा सुद्धा म्हणायचा की बस आता माझ्या मागे, तरी नाही बसले. हाय व्हानला मी बसले. तेव्हा मी काय म्हणून बसले होते ते कृपा करून मला शिकवू नका.

आणि मागे बसणं म्हणजे काही न करणं हा तुमचा समज, तो कधी कोणाच्या मागे घाटात न बसलेल्या माणसाचा समज आहे. पहिल्या वळणालाच माझं अंग उलट्या बाजूला गेलं, पडायची भीती बसली की शरीर आपोआप सरळ राहायला बघतं, आणि मागचा माणूस उलटा ताणला की चालवणाऱ्याला गाडी वळवायला त्रास होतो. आन्हला ते लगेच कळलं. तो थांबला, मला उतरवलं, स्वतः सीटवर बसून खांदा तिरका करून दाखवला, म्हणाला मी जिकडे तू तिकडे, माझ्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघ. मग हेल्मेटचा पट्टा पुन्हा बघितला, हनुवटीखाली दोन बोटं घालून, तेवढीच जागा पाहिजे म्हणाला. माझी सॅक त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागे रबरी पट्ट्यांनी अशी बांधली होती की मला पाठ टेकता येईल. पाच-सहा वळणं गेली आणि मग कुठल्यातरी एका वळणाला माझ्या लक्षात आलं की मी झुकले आणि मला कळलंच नाही. बोचकं ती सॅक होती. मी नव्हते.

तुम्ही म्हणता कोणी लायसन्स विचारलं नाही. भाऊ, हे फुशारकीने सांगायचं आहे का? आपल्याकडे आरटीओत जे इंटरनॅशनल परमिट मिळतं ते १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं, व्हिएतनाम मानतो ते १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं. म्हणजे आपलं परमिट तिकडे चालत नाही, खिशात असलं तरी ५० सीसीच्या वरच्या गाडीवर तुम्ही बिनलायसन्सचे. दुकानदार गाडी देतो, पासपोर्ट बघतो, पैसे घेतो, त्याला काय. पण पडलात की ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले पहिलं लायसन्स मागतात, आणि वैध लायसन्स नसेल तर क्लेम अडकतो. परदेशात हाड मोडलं तर काय बिल होतं याची कल्पना आहे का? मला हाड मोडण्याची आहे. माझ्या वाचकांत कॉलेजची मुलं आहेत, ती असलं वाचून उद्या जातील, म्हणून यावर मी एवढं लिहितेय, तुमच्याशी भांडायचं म्हणून नाही. वर तिकडे रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं असतं, आपला हात डावीकडे बसलेला, सरळ रस्त्यावर जमतं, घाटात आंधळ्या वळणावर घाबरलं की माणूस आपल्या सवयीच्या बाजूला जातो. तुम्हाला काही झालं नाही, चांगलं झालं. तो नियम होत नाही.

कोकणाबद्दल. हे मला, चिपळूणच्या मुलीला, सांगताय? आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, मान्य, उंच आहे. पण मी उंचीसाठी गेलेच नव्हते. आपल्याकडे सह्याद्री एकीकडे आणि समुद्र दुसरीकडे, मधे पन्नासेक किलोमीटर कोकण पसरलेलं, घाटातून लांबवर कुठेतरी चमकलं तर चमकलं. हाय व्हानला डोंगराचा फाटाच समुद्रात उतरतो, आणि रस्ता खाडीच्या पुलापासून सुरू होऊन ४९६ मीटरपर्यंत चढतो तो सगळा वेळ समुद्र शेजारी ठेवून. आपल्याकडे थोडीफार तशी जागा म्हणाल तर रत्नागिरीजवळचं आरे-वारे, त्यावर मी आधी लिहिलंय आणि जीव ओतून लिहिलंय. एका रस्त्याचं कौतुक केलं की दुसऱ्याचा अपमान होतो हे कुठून आलं?

आणि तो डोंगर नुसता सीन नाहीये. हाय व्हान म्हणजे समुद्रावरचे ढग, आणि हिवाळ्यात ईशान्येकडून येणारा पाऊस त्या भिंतीला अडतो. लांग कोला आम्ही पोंचो घालून होतो, रिपरिप चालू, खाडीत कालवं वाढवायला जुन्या टायरांच्या पट्ट्या बांबूला टांगलेल्या असतात, तिथे एक बाई पावसातच बसून कालवं फोडत होती, सुरी बिजागरीत घालून एक झटका, की शिंपला उघडा, अगदी आमच्याकडे खाडीवर बायका करतात तसंच. (कालवांचं सुकं कसं करतात ते मी तिला खुणांनी सांगायचा प्रयत्न केला, नाही जमलं.) माथ्यावर इतका ढग की मिन्ह मांग राजाने १८२६ ला बांधलेला दरवाजा हात लावेपर्यंत दिसला नाही, विटांना गोळ्यांची भोकं, शेजारी फ्रेंच आणि अमेरिकन काळातली बंकरं. आणि पलीकडे दोन वळणं उतरलो तर ऊन. दा नांग शहराचा आख्खा उपसागर उन्हात, समोर सोन त्राचं द्वीपकल्प, पोंचो काढून सॅकवर वाळत घातला. आन्ह म्हणाला इथे फक्त हवा बदलत नाही, जुन्या काळी देश बदलायचा. १३०६ साली राजकन्या हुयेन त्रान चंपाच्या राजाला दिली आणि हुएकडचा मुलूख दाइ व्हिएतला, म्हणजे तेव्हाच्या व्हिएतनामी राज्याला, मिळाला, त्यानंतर बराच काळ डोंगराच्या दक्षिणेला चंपा, म्हणजे शंकराची देवळं बांधणारे लोक. दा नांगच्या चाम म्युझियममध्ये त्याने मला शिवलिंगासमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाला हे तुझं आहे ना, मला सांग. आता मी त्याला सांगतेय, तो वहीत लिहून घेतोय. ही वही भाड्याच्या गाडीबरोबर मिळत नाही.

राहिला एजंट आणि पैशांचा मुद्दा. मी ५५ डॉलर दिले, त्यात दुपारचं जेवण होतं, वर टिप दिली ती किती ते माझं मी बघेन. कोणाला किती जातात हा वेगळा विषय आहे, माझा लेख रस्त्याबद्दल होता, हिशोबाबद्दल नव्हता. प्रत्येक प्रवासवर्णनात अर्थशास्त्र पाहिजेच असं नाही. तुम्हाला त्यावर लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.

‘बाइक ट्रिप’ हा शब्द लेखात आहे तसाच राहील. तुमची प्रतिक्रियाही राहील. पुढे काही लिहायचं असेल तर लिहा, फक्त ताई म्हणणार असाल तर तसं बोला, नाहीतर नुसतं तुम्ही म्हटलं तरी चालेल.

बाकी ज्या सहा-सात जणांनी गाइडचा नंबर मागितलाय त्यांना, तो माझ्याकडे आहे, म्युझियमच्या पायरीवर त्याने स्वतः त्या वहीचं पान फाडून दिला, म्हणाला पुढच्या वेळी थेट फोन कर. पण त्याला न विचारता मी इथे टाकणार नाही. मेसेज केलाय, उत्तर आलं की प्रत्येकाला वेगळं पाठवते. फेब्रुवारीच्या शेवटी जाणार असाल तर उत्तरेकडून दक्षिणेला या, म्हणजे पाऊस आधी आणि ऊन नंतर. उलट आलात, दा नांगकडून हुएला, तर उजवीकडून चालवत असल्यामुळे समुद्राच्या कडेची लेन तुमची असते, फोटो त्या बाजूने जास्त चांगले येतात.