खुलासा : ‘नार्सिसिस्टला लाज नसते’ हे मीच लिहिलं होतं, आणि ते चुकलं

माझी एक जुनी पोस्ट सध्या नाव गळून फिरतेय : ‘नार्सिसिस्ट माणसाला लाज वाटतच नाही. ज्याला स्वतःचा अभिमान, तो नार्सिसिस्ट.’ (नार्सिसिस्ट म्हणजे स्वतःच्या थोरपणात गुंतलेला, सतत कौतुक हवं असणारा माणूस.) दोन्ही वाक्यं चूक आहेत.

आधी लाजेचं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘डीएसएम-५’ (२०१३) या निदानग्रंथातच म्हटलंय, की टीका झाली की अशा व्यक्तीला अपमानित, पोकळ वाटू शकतं. वरून ते दिसेलच असं नाही. मीटिंगमध्ये कुणी साधी आकड्यातली चूक दाखवली, की कान लाल होतात आणि पुढच्याच क्षणी ‘तुला काय कळतं?’ म्हणून आवाज चढतो. तो आवाज बऱ्याचदा लाजेवरचं झाकण असतो. (समोरच्याला होणारा त्रास त्याने कमी होत नाही, हेही खरं.)

अभिमानाचं म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ जेसिका ट्रेसी आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी २००७ मध्ये त्याची दोन रूपं वेगळी करून दाखवली : केलेल्या कामाचा अभिमान आणि ‘मी आहेच थोर’ हा ताठा. नार्सिसिझमशी जुळतो तो ताठा. शिवाय ‘नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकारा’च्या निदानाला डीएसएम-५ मधल्या नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात, तीही तज्ज्ञाने तपासलेली.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.